शेंदूर लागलेला दगड

मला कशाचीच वाट पाहता येत नाही. चहा उकळेपर्यंतही तुमचे पाय एका जागी ठरत नाहीत, असं माझी बायको सुमती म्हणते आणि ते खरंच आहे. पण चौऱ्याहत्तर सालच्या त्या मे महिन्यात तर मी नुसता भिरभिरत होतो. हुडकेश्वरच्या पलीकडे नाल्याच्या वळणावर काठ खचत चालला होता आणि काठाला लागून तेवीस घरं होती. पावसाच्या आत तिथे दगड लावायचे होते. ओव्हरसियर मी. एक घर जरी वाहून गेलं असतं, तरी मला तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

पाण्याची धडक तळाला बसते, म्हणून तिथे सगळ्यात मोठा दगड लागतो. वरची सगळी रचना त्याच्याच आधाराने उभी राहते. खदानीत मी तसा एक हेरून ठेवला होता. काळाभोर, चौकोनी, बसलेल्या म्हशीएवढा. त्याच्यावर चुन्याची फुली मारली आणि दोन घटका जरा जिवाला बरं वाटलं.

तिथे भीमाबाई डबर फोडायची, वीस वर्षांपासून. वळणावर काठापासचं पहिलं घर तिचंच. तिने माझ्या दगडावर हातोडी मारली, कान लावला आणि मान हलवली.

"साहेब, हा गोटा नोका घेऊ. बद्द वाजून राहिला. आतून फुटका हाये."

मी चारही बाजूंनी फिरून पाहिलं. केसाएवढी चीर नव्हती.

"हे तीन घ्या," ती म्हणाली. "लहान हायेत, पन खनखनीत. कोनेदार हायेत, एकमेकांत बसतीन."

"दगड मी निवडतो. तू घमेलं उचल!"

आजूबाजूच्या बाया हसल्या. भीमाबाई हसली नाही. तिने घमेलं उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रक घेऊन पोचलो, तर माझ्या फुलीवर शेंदूर! नुसता टिळा नाही, अख्खी बाजू थापलेली, पुढे दोन जास्वंदीची फुलं. मजुरांचा मुकादम ताराचंद हात जोडून उभा.

"उचला," मी म्हणालो.

"देव झाला साहेब आता तो. मले लेकरंबाळं हायेत."

"अरे, काल संध्याकाळी दगड होता तो!"

"काल होता."

मी रागारागाने स्वतःच लोखंडी सब्बल घेतली. दगडापाशी गेलो आणि हात पुढे होईना. शिकलासवरलेला माणूस, पण वाटेतल्या प्रत्येक शेंदराच्या दगडाला हात जोडणारी आई डोळ्यांपुढे उभी राहिली. सब्बल फेकून दिली. दुसरा तेवढा दगड शोधायला दिवस नव्हते. शेवटी चडफडत भीमाबाईचे तीन दगड ट्रकमध्ये भरले.

जुलैत नाल्याला पूर आला. दोन दिवस मी काठावर येरझारा घातल्या. कोणी बसा म्हटलं की त्याच्या अंगावर जायचो. पण ते तीन दगड एकमेकांत असे अडकून बसले होते की जागचे हलले नाहीत. तेवीसही घरं राहिली.

देवानेच राखलं, असं मनाशी म्हणत मी नारळ घेऊन खदानीत गेलो. बघतो तर देव दुभंगून पडलेला. आतून पिवळ्या मातीची पट्टी गेली होती. पावसाने ती विरघळली आणि दगड उभा उकलला. शेंदूर अर्धा इकडे, अर्धा तिकडे. हा तळाला असता, तर त्या तेवीस घरांचं काय झालं असतं!

बाजूला भीमाबाई डबर फोडत होती.

"शेंदूर कोणी लावला होता?"

तिची हातोडी थांबली नाही. "म्याच. माह्यं तुम्ही आयकत नव्हते. म्हनलं, देवाचं तं आयकसान."

"देवाची भीती नाही वाटली?"

"वाटली न. पन काठावर पयलं घर माह्यं हाये."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नारळ तिच्यापुढे ठेवला आणि कसाबसा म्हणालो, "भीमाबाई, पुढच्या कामाचे दगड तुम्हीच वाजवून निवडून द्या."

तिने वर पाहिलं.

"मंग घमेलं कोन उचलन, साहेब?"