शेजाऱ्यांचा जाड झेंडा

बाबा परराष्ट्र खात्यात शिंपी होते. पाहुण्या देशांचे झेंडे शिवायचे. जुन्या, बिघडलेल्या झेंड्यांची त्यांनी घरी गोधडी केली होती. मित्रदेश मानेकडे, शत्रू पायांकडे. धोरण बदललं की उसवायचं आणि जागा बदलायच्या, हा त्यांचा सुट्टीचा उद्योग.

ते जाऊन एकवीस दिवस झाले आणि सकाळीच उपसचिव दारात उभे राहिले.

"ताई, शेजारचा देश कालपासून आपला मित्र झालाय. चार वाजता त्यांचे पंतप्रधान येतायत. तीस वर्षांत आम्ही त्यांचा झेंडा शिवलेला नाही, आता शिवायला शिंपीही नाही. तुमच्या त्या गोधडीत एक आहे म्हणतात."

आईने गोधडी पसरली. उपसचिवांच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. शेजाऱ्यांचा झेंडा पायांकडून उसवून बाबांनी मानेकडे शिवायला घेतला होता. अकरा टाके झालेले, सुई तशीच टोचलेली. त्यांचं शेवटचं काम.

"निर्णय काल झाला! यांना आधीच कळलं कसं? माहिती फोडली कोणी?"

"फोडतंय कोण," आई म्हणाली. "मान धरली होती त्यांची. एवढा एकच झेंडा लोकरीचा."

उपसचिवांनी वहीत 'मान' असं लिहिलं आणि खिशातून कात्री काढली.

"कात्री लावायची नाही," मी म्हणाले. "ते टाके सुटता कामा नयेत. अख्खी गोधडी न्या. मी बरोबर येते."

खात्याच्या अंगणात बाकीचे देश आत दुमडून ती काठीला बांधली. वारा सुटला तरी झेंडा हलेना.

"आमचा झेंडा इतका जाड?" पाहुण्या पंतप्रधानांनी विचारलं.

"थंडी फार असते इकडे," आमचे मंत्री म्हणाले. ते घामाने निथळत होते.

पाहुण्यांनी भारावून झेंड्याला गाल लावला आणि किंचाळले. बारा बंदुका गोधडीवर रोखल्या गेल्या. मी मध्ये जाऊन उभी राहिले.

"बाबांची सुई आहे ती."

"कुठे आहेत ते?" पाहुणे गाल चोळत म्हणाले.

"गेले."

"काम अर्धं टाकून?"

"हो."

 मग ते मैत्रीच्या करारावर सही करायला आत गेले.

संध्याकाळी गोधडी घरी आली, सोबत पत्र. राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणास्तव सुई जप्त करण्यात आली होती.

मी टाके मोजले. अकरा. दोरा मोकळा लोंबत होता. आई दुसरी सुई ओवू लागली.

"राहू दे गं," मी म्हणाले आणि दोऱ्याला गाठ मारली.

"अर्धाच ठेवणार?"

"हो."

"मग सरक तिकडे." तिने तो कोपरा ओढून मानेभोवती घेतला. "माझीही धरलीय."