सात तास शिल्लक

शाळेच्या शिपायाला नीट वाचता येत नाही, हे मंगळवारी अकरा वाजता मुख्याध्यापकांच्या खोलीत सिद्ध झालं. अकरा वाजून दहा मिनिटांनी ते कधी सिद्ध झालंच नव्हतं.

शिपाई चोवीस वर्षं तिथे घंटा देत होता. घंटेवर काही लिहिलेलं नसतं. नोटीस घेऊन तो वर्गात जाई, बाईंच्या हातात देई आणि त्या वाचत असताना सगळं आधीच ठाऊक असल्यासारखी मान डोलवी.

त्या दिवशी तपासणी त्याची नव्हतीच. त्याच्या मुलीची होती, पाचवीतल्या. तिला तोंडी सगळं यायचं, कागदावर काही उतरायचं नाही. प्रगतिपुस्तकात तीन वर्षं एकच शेरा: आळशी.

"डोळे, कान, बुद्धी सगळं उत्तम आहे. वाचनाशीच अडतंय, डिस्लेक्सिया म्हणतात याला," तपासणीला आलेल्या बाई म्हणाल्या. "घरात आणखी कुणाचं असं आहे?"

"छे," शिपाई म्हणाला.

"बरं. मग हे वाचून सही करा."

"चष्मा घरी राहिला."

"बाबा, कपाळावर आहे," मुलगी म्हणाली.

चष्मा खाली आला. बाई म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा." चार ओळी होत्या. शिपायाने दुसरी दोनदा वाचली, तिसरी गाळली आणि प्रत्येक लांब शब्दाचं पहिलं अक्षर बघून उरलेला मनाने घातला. नऊ मिनिटं लागली.

"तुम्हीपण मनचे शब्द घालता?" मुलगी म्हणाली.

"घालतो."

"म्हणजे मी तुमच्यावर गेले."

घरात दहा वर्षं ती आईवर गेली असंच ठरलेलं होतं. नाक, आवाज, हट्ट, सगळं. शिपायाच्या वाट्याला प्रथमच काहीतरी आलं.

"मी खिडकीबाहेर बघत होतो," मुख्याध्यापक म्हणाले. खिडकीबाहेर भिंत होती. "वाचता येणं नेमणुकीच्या अटीत आहे. म्हणजे यांना येतं. तपासणीच्या कागदावरचा तो घरच्यांचा रकाना कोरा ठेवा."

"कोरा चालेल," बाई म्हणाल्या.

"लिहा, वडील," शिपाई म्हणाला.

"अहो, नोकरी जाईल," मुख्याध्यापक म्हणाले.

"लिहा. नाहीतर त्या कागदावर ती एकटीच पडेल."

बाईंनी लिहिलं. मुख्याध्यापक भिंत बघत राहिले.

प्रमाणपत्र आलं. मुलीला पेपरात तासाला वीस मिनिटं जादा मिळाली. ती संपल्याची घंटा वडीलच देत, आणि कधी कधी त्यांना घड्याळही नीट वाचता येत नसे.

महिन्याने परीक्षा मंडळाकडे एक अर्ज गेला. तो लिहायला तीन रविवार लागले होते.

"विषय: शिल्लक वेळ मिळणेबाबत.

महोदय, दहावीला मला दर पेपरास तीन तास मिळाले व मी नापास झालो. नव्या निदानानुसार चार मिळावयास हवे होते. पेपर सात होते. सबब माझे सात तास आपल्या कार्यालयात पडून आहेत. ते शोधून परत करावेत, ही नम्र विनंती. कोणत्याही दिवशी चालेल. घंटा मी स्वतः देईन."