कानात सांगितलेलं

सुनयना देवस्थळीला उत्तम रशियन येत होतं, आणि एकोणीसशे त्र्याण्णव साली दिल्लीत याहून निरुपयोगी गोष्ट शोधून सापडली नसती.

दहा वर्षांपूर्वी असं नव्हतं. मुनिरक्यात भाड्याच्या खोलीत राहून तिने ती भाषा घोटली होती, आणि सरकारी दुभाष्यांच्या यादीत नाव लागलं तेव्हा साताऱ्याला सासरच्यांनी पेढे वाटले होते. दर हिवाळ्यात मॉस्कोचं शिष्टमंडळ यायचं. आपला चहा, बनियनं आणि चामडं तिकडे. त्यांचं तेल आणि यंत्रं इकडे. डॉलरला कोणी विचारत नव्हतं, सगळा व्यवहार रुपयांत. दोन खंडांची मैत्री, जगाचा समतोल असले भरजरी शब्द भाषणांत असायचे आणि ते सुनयनाच्या तोंडून पलीकडे जायचे. आपण नसतो तर हे दोन देश एकमेकांची तोंडं बघत बसले असते, असं तिला मनातून वाटायचं. वाटलं तर वाटलं, कोणाचं काय गेलं त्यात?

वाटाघाटींच्या त्या टेबलाचा एक नियम होता. लिहिलेला कुठेच नव्हता, पण सगळे पाळायचे. समोरच्याला उद्देशून बोललेलं तेवढंच भाषांतर करायचं. आपसांत कुजबुजलेलं, कानात सांगितलेलं कानातच ठेवायचं. आपले साहेब लोक तर बिनधास्त हिंदीत कुजबुजायचे, कारण समोरच्यांना हिंदीचं एक अक्षर कळत नाही याची सगळ्यांना खात्री होती. एकदा चहाच्या भावावर घोडं अडलं. आपले मुख्य साहेब शेजाऱ्याकडे झुकून म्हणाले की दहा टक्के उतरावं लागलं तरी उतरू, पण आताच बोलू नका. पाच मिनिटं गेली नसतील, तोच समोरच्या तमाराबाईंनी पूर्ण भावाला मान्यता दिली. साहेबांनी स्वतःच्या चिवटपणाची ती गोष्ट निवृत्त होईपर्यंत सांगितली.

तमारा बोरिसोव्ना त्या शिष्टमंडळातली दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी. करड्या कोटातली, मोजकं बोलणारी बाई. दुभाष्याकडे कोणी ढुंकून बघत नाही, पण ही बघायची. एका वर्षी सुनयनाला सातवा महिना होता आणि रिवाजाप्रमाणे तिला मागे स्टुलावर बसवलं होतं. तमारा उठली, आपली उंच पाठीची खुर्ची तिच्याकडे सरकवली आणि स्वतः दुपारभर स्टुलावर बसून तिने करार पुरा केला. आपल्या साहेबांना ते फार चमत्कारिक वाटलं होतं.

मग तो देशच राहिला नाही. करार गेले, रुपयांतला व्यापार गेला, दुभाष्यांची यादी कुठल्याशा कपाटात गेली. ज्याच्या त्याच्या तोंडी आता अमेरिका, जपान आणि कोरिया. आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये तिचा नवरा मुरलीधर जेवता जेवता सुचवायचा, अगं, फ्रेंच शिक, नाहीतर कॉम्प्युटरचा क्लास लाव. तो चांगल्या मनाने सांगायचा, आणि म्हणूनच तिचा जास्त संताप व्हायचा. दोन वर्षं ती घरात बसून होती.

अशात बत्रा भेटला. चामड्याच्या जाकिटांचा निर्यातदार, गोदाम नोएडात. रशियातून आता शिष्टमंडळं येत नव्हती. विमानं भरभरून बायका यायच्या, जाकिटं विकत घ्यायच्या, मोठाल्या थैल्यांत कोंबायच्या आणि तिकडे रस्त्यावरच्या बाजारात विकायच्या. त्यांच्याशी भाव करायला बत्राला भाषा येणारं माणूस हवं होतं. त्याने सुनयनाला आठवडाभरासाठी ठेवलं आणि शेवटच्या दिवशी म्हणाला, पलीकडच्या सेक्टरमध्ये काचेचं नवं ऑफिस होतंय. आजची मोठी पार्टी नीट पटवलीत तर तिथे एक टेबल तुमचं. सुनयनाला ते टेबल हवं होतं. पगारासाठी हवंच होतं, पण त्याहून जास्त, सकाळी डबा घेऊन घराबाहेर पडणारी बाई तिला पुन्हा व्हायचं होतं.

मोठी पार्टी म्हणून आत आली ती तमारा बोरिसोव्ना.

करडा कोट नव्हता. पायांत कापडी बूट आणि खांद्यावर चौकड्यांच्या दोन रिकाम्या थैल्या. मंत्रालय बंद पडलं, पेन्शनीत पाव येत नाही, म्हणून चार बायकांचा गट करून आलेय, हे तिने हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं. सुनयनाला रडू आलं. तमाराला नाही आलं. तिने आधी मुलगा केवढा झाला ते विचारलं.

मग सौदा सुरू झाला. बत्राने भाव सांगितला, तमाराने चांगलाच पाडून मागितला, आणि सुनयना दोघांचं इकडून तिकडे करत राहिली. जुन्या सवयीने जीभ सरसर चालली आणि तासभर तिला खरंच बरं वाटलं. बत्रा जाकिटाचं अस्तर दाखवायला वळला तेव्हा तमारा तिच्याकडे झुकून रशियनमध्ये हळूच म्हणाली, "रविवारी विमान आहे. थंडीआधी माल नेला नाही तर बाजारातली माझी जागा दुसरी बाई घेईल. तो म्हणेल तो भाव मला द्यावाच लागणार आहे. त्याला कळू देऊ नकोस."

बत्राचे कान तिखट. त्याने विचारलं, "क्या बोलीं?"

सुनयना म्हणाली, अस्तराबद्दल काहीतरी.

बत्रा हसला. आवाज न चढवता तो म्हणाला, "मॅडम, आप किसकी तरफ से बैठी हैं? टेबल तो मेरे ऑफिस में है ना?"

सुनयनाने समोर पाहिलं. तमारा जाकिटाची चेन वरखाली करून बघत होती. शेवटी ही बाई रविवारी निघून जाणार, आणि आपल्याला सोमवारी उठून इथेच राहायचं आहे, असं सुनयनाने स्वतःला सांगितलं. वर असंही सांगितलं की दुभाष्याचं कामच जे ऐकलं ते सांगणं. हे साफ खोटं होतं, आणि तिच्याइतकं ते दुसऱ्या कोणालाच ठाऊक नव्हतं. मग चेहऱ्यावरची रेषही हलू न देता ती हिंदीत म्हणाली, "संडे की फ्लाइट है. माल लेना ही पड़ेगा. जो बोलोगे, दे देंगी."

बत्राने आपल्या पहिल्या भावावर आणखी पाचवा हिस्सा चढवला. सुनयनाने तोंड उघडलं, पण तिच्या आधीच तमारा बोलली. पुस्तकासारख्या स्वच्छ हिंदीत.

"ठीक है, बत्राजी. आपका भाव मंज़ूर है. माल शनिवार तक बाँध दीजिए."

बत्राच्या हातातलं जाकीट तसंच राहिलं. सुनयनाला आता उमगलं. ती सगळी वर्षं, ते सगळे हिवाळे, ही बाई समोर बसून आपल्या साहेबांचा शब्द न् शब्द ऐकत होती.

तमाराने थैल्या उचलल्या. जाता जाता ती फक्त सुनयनाला ऐकू जाईल अशा आवाजात, रशियनमध्ये म्हणाली, "चहाचे ते दहा टक्के मीही ऐकले होते, सुनयना. पण ते मला सांगितलेलं नव्हतं."

ती गेल्यावर बत्राने विचारलं, "जाते जाते क्या बोलीं?"

"कुछ नहीं," सुनयना म्हणाली. "आपको शुक्रिया कहा है."

नवं ऑफिस सुरू झालं त्या सोमवारी तिला टेबल मिळालं. खुर्चीही चांगली होती, उंच पाठीची. बत्रा दोनदा म्हणाला, बैठिए मॅडम, तेव्हा कुठे ती बसली.