लंकाबाईचा घास

तेजस्विनीच्या पुढच्या चारही दातांची काळी खुंटं झाली होती. पोर जेमतेम तीन वर्षांची, पण हसताना ओठांवर हात धरायला आपली आपणच शिकली होती. त्यात हिरडी सुजून ती कळवळायला लागली, तसं रामनाथनं आई लंकाबाई, बायको मोहिनी आणि पोरीला घेऊन पिंपळवंडीहून आळेफाट्याची गाडी धरली.

दातांच्या डॉक्टरनं बॅटरी मारून तोंड बघितलं. सूज उतरायला औषध लिहून दिलं, आठ दिवसांनी दात काढू म्हणाला. मग मोहिनीकडं वळून त्यानं समजावलं, की दात किडवणारे जंतू पोर जन्माला येताना घेऊन येत नाही. घरच्याच माणसाच्या लाळेतून ते तिच्या तोंडात जातात, अन् वरून गोड मिळालं की दात पोखरतात.

"घास चावून भरवत होता का हिला?"

मोहिनीनं सासूकडं एकवार पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरनं ते हो समजून घेतलं. रामनाथनंही.

लंकाबाईनं पदर तोंडावर ओढला. तिच्या तोंडात उरलेले सहा-सात दात, तेही किडके, मिशरीनं काळे पडलेले. मोहिनी कांद्याच्या खुरपणीला गेली की गूळ-भाकरीचा घास लंकाबाई त्याच दातांनी मऊ करायची आणि पोरीच्या तोंडात घालायची. आजवर तेच चाललं होतं. रामनाथ ट्रकवर, आठवड्यातून एकदा घरी. तेव्हा पोर त्याच्याच ताटात जेवायची. त्याला काय कळणार?

मोहिनीनं एकदा हटकलं होतं. नेमकं सप्त्याच्या दिवसांत. आदल्या दिवशीच कीर्तनात बुवांनी शबरीची बोरं अशी रंगवली होती, की अख्ख्या मांडवाचे डोळे पाझरले होते. लंकाबाईनं सुनेला फाडकन ऐकवलं, "देवानं शबरीचं उष्टं खाल्लं, अन् माझ्या नातीला माझा घास बाधतो व्हय?" मोहिनी पुन्हा बोलली नाही. लंकाबाईनं मात्र ते उत्तर आळीभर सांगितलं होतं, मोठ्या तोऱ्यात. बुवांनी सांगितली होती शबरीची माया. हिनं ती सुनेचं तोंड बंद करायला वापरली.

परतीच्या एसटीत रामनाथनं चारचौघांत बायकोला धारेवर धरलं. आई एवढी पोर सांभाळते, तुला आई असून एवढं कळू नये, असं काय काय. मोहिनी खिडकीबाहेर बघत पोरीला थोपटत राहिली. लंकाबाईनं दोनदा बोलायचं मनात आणलं. लोकांत कसं बोलायचं, घरी गेल्यावर बोलू, असं स्वतःला समजावलं. घर आलं, तरी ती बोलली नाही.

सांजेला देवळात टाळ वाजायला लागले. कीर्तनाला पहिल्या रांगेत बसणारी लंकाबाई उंबऱ्यातच बसून राहिली. आत रामनाथचं पुन्हा सुरू झालं होतं.

"रामा, पुरं कर," ती म्हणाली. "तिनं नाय भरवलं. मी भरवलं. तिनं आडवलं व्हतं मला, तर मीच तिला गप केलं."

रामनाथ चप्पल घालून बाहेर निघून गेला.

चुलीपुढून मोहिनीचा आवाज आला, अगदी हळू. "आत्याबाई, गाडीत का नाय बोलला?"

"भ्याले गं."

मोहिनीनं मऊ भाताची वाटी सासूपुढं ठेवली. "भरवा. तुमच्या हातची सवय हाय तिला. पण तोंडाला लावू नका."

लंकाबाईनं हात धुतले, पुन्हा धुतले. पोरीला मांडीवर घेऊन बोटांनी घास पुढं केला. तेजस्विनीनं तो घेतला नाही. आजी आधी चावेल म्हणून ती तिच्या तोंडाकडं बघत थांबून राहिली.