बापाची पट्टी

इंग्रजीच्या बाईंचा चारशे वर्षांपूर्वी मेलेल्या एका इंग्रज नाटककारावर जीव होता. एवढा जीव आपल्यावर असता तर संसाराचं सोनं झालं असतं, असं त्यांचे यजमान चारचौघांत म्हणत, आणि बाई ते नाकारत नसत. वर्गाला मात्र तो नाटककार म्हणजे कडू औषध होता. त्याची जुनी भाषा वाचताना मुलं अडखळत, जांभया देत आणि घड्याळाकडे आशेने बघत.

बाई सांगून दमल्या. सिनेमातला जुळ्यांचा घोळ, पुरुषाचा वेष घेतलेली नायिका, वाटणीवरून फुटलेलं घर, हे सगळं त्याने कधीच रंगभूमीवर गाजवून ठेवलंय. आजचे किती तरी लेखक त्याच्याच पंगतीला जेवून उठलेत. पण पालथ्या घड्यावर पाणी.

शेवटी मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, तोडगा काढला. पुढच्या वर्षीपासून मूळ नाटक बंद, सोप्या भाषेतली गोष्ट तेवढी शिकवायची. इंग्रजीच्या बाई तडक त्यांच्या खोलीत गेल्या.

"पण मॅडम, गोष्ट म्हणजे तो नव्हे, तो म्हणजे त्याची—"

"गुरुवारी तुमच्या तासाला येऊन बसते. मग ठरवू."

कोणाचं वाक्य पुरं होऊ देणं मोठ्या बाईंच्या स्वभावातच नव्हतं. बाई हिरमुसून घरी गेल्या, पण हार मानणाऱ्यातल्या त्या नव्हत्या. त्या काळची एक रीत त्यांना आठवली. तेव्हा नटांच्या हातात सगळं नाटक देत नसत. ज्याला त्याला कागदाची एक पट्टी मिळे: तिच्यावर स्वतःची वाक्यं, आणि प्रत्येक वाक्याच्या आधी समोरच्याच्या बोलण्यातले शेवटचे दोन-तीन शब्द. ते शब्द कानावर पडले की तोंड उघडायचं, तोवर कान टवकारून उभं राहायचं. बाईंनी एका बाप-लेकीच्या भांडणाचा प्रवेश निवडला आणि जेवणाच्या टेबलावर बसून पट्ट्या कापल्या. चिकटवायचं काम यजमानांकडे आलं. नवऱ्यालाही सवत असते आणि तिची सेवा करावी लागते म्हणाले, पण केलं मन लावून.

गुरुवारी मोठ्या बाई शेवटच्या बाकावर ताठ बसल्या. बापाची पट्टी वर्गातल्या 'रेडिओ'ला मिळाली. त्याच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला की बंद करायला बटण नव्हतं, म्हणून ते नाव. लेक झाली मौनी. तिच्या घरी वडील, काका आणि दोन थोरले भाऊ, सगळे एकापेक्षा एक बोलघेवडे. तिच्या वाट्याला बोलायची पाळी कधी येतच नसे. वर्गातही ती ब्र काढत नसे. सगळे बघतच राहिले, कारण आज पट्टी तिने स्वतः मागून घेतली होती.

मौनीने खाली मान घालून सुरुवात केली. लेक बापाला विनवत होती, माझं ऐकून घ्या. रेडिओच्या पट्टीवर त्याच्या वाक्याआधी नेमके तेच शब्द होते. ते ऐकताच तो बापाच्या तोऱ्यात गरजला. मौनी गडबडली, कारण तिच्या पट्टीवर अजून बऱ्याच ओळी शिल्लक होत्या. वर्ग खदखदून हसला. रेडिओ ओशाळला.

"तुझं चुकलं नाही बहुतेक," बाई पट्टी तपासत म्हणाल्या, "पुन्हा घ्या."

पुन्हा तेच झालं. मौनीने मुकाट्याने पुढची ओळ घेतली, तर तीत परत तेच शब्द, आणि रेडिओ परत तुटून पडला. मोठ्या बाईंच्या कपाळावर आठी चढली. पट्ट्या कापताना आपणच घोळ घातला, असं बाईंना वाटलं. त्या माफी मागणार, तोच मौनीने मान वर केली. तिचा चेहरा लाल झाला होता. रेडिओचा आवाज चालू असतानाच, त्याच्या वर चढून, तिने लेकीची उरलेली सगळी वाक्यं म्हटली. जुनी, अवघड, वळणावळणाची वाक्यं, पण तिसऱ्यांदा ते शब्द आले तेव्हा ती विनवणी उरली नव्हती. मागच्या बाकापर्यंत एकेक अक्षर ऐकू गेलं. रेडिओ आपोआप गप्प झाला.

हसायचं कोणाला सुचलं नाही.

"लिहिणाऱ्याने मुद्दाम केलंय हे," मौनी धापा टाकत म्हणाली. "तेच शब्द तीनदा घातलेत. म्हणजे बाप मध्ये तोंड घालणारच. बाई, त्याला कसं कळलं?"

बाई पट्टी पुन्हा वाचू लागल्या. इतकी वर्षं हा प्रवेश शिकवला, आणि त्यातली खुबी आज एका न बोलणाऱ्या मुलीने दाखवली. त्या नाटककाराबद्दल त्यांचा ऊर भरून आला. मग मुलांनी आपण होऊन तो प्रवेश पुन्हा मागितला, आणि घड्याळाकडे कोणी पाहिलं नाही.

वर्ग रिकामा झाल्यावर मोठ्या बाई टेबलापाशी आल्या.

"मॅडम, मी त्या दिवशी म्हणत होते," बाईंनी सुरुवात केली आणि सवयीने थांबल्या. आता वाक्य तुटणार.

ते तुटलं नाही. मोठ्या बाई ओठ घट्ट मिटून उभ्या होत्या.

"थांबलात का? म्हणा ना. मी ऐकतेय."

"गोष्ट म्हणजे तो नव्हे. तो म्हणजे त्याची भाषा."

मोठ्या बाईंनी टेबलावरची मौनीची पट्टी उचलली आणि शेवटपर्यंत वाचली.

"नाटक राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी ही लेकीची पट्टी मला द्या. बापाचं काम मी बरीच वर्षं करतेय."