चोरखिसा

"मास्तर, डावीकडे ओढतोय हो," औषधाच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या. "जरा हात वर कर गं."

त्यांच्या भाचीने हात वर केला. सुट्टीला आलेली, अकरा-बारा वर्षांची पोर. आल्या आल्या नवा फ्रॉक हातात ठेवून तिला चकित करायचं, म्हणून बाईंनी माप न देताच कापड शिवायला टाकलं होतं. "असेल एवढी," असं हाताने दाखवून गेल्या होत्या. मास्तरांनीही तेव्हा टेप उचलली नव्हती. नुसत्या नजरेने कपडा बेतणारा माणूस या गल्लीत दुसरा नाही, असं ते स्वतःच सांगत. ऐकणाऱ्याला मान डोलवावी लागे, कारण कपडे खरोखरच अंगावर चपखल बसत.

"ओढेल कसा?" मास्तर म्हणाले. "वाकडी उभी राहिली असेल."

"सरळच उभी आहे मी," भाची म्हणाली.

मास्तर चष्मा सावरत पुढे झाले. कंबर बरोबर, बाह्या बरोबर, घेर तर छानच पडलेला. डावा खांदा मात्र उजव्यापेक्षा उतरता कापलेला होता. त्यांनी शिवणीवरून बोट फिरवलं. हा खांदा त्यांच्या ओळखीचा होता.

त्यांची भिंगरी. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून ते नाव पडलेलं. तिचा डावा खांदा जन्मापासून जरासा उतरलेला. नेहमीसारखं बेतलं की तिथे झोळ पडायचा, म्हणून मास्तर तिचे सगळे फ्रॉक डावीकडे उतरते कापायचे. नवा फ्रॉक घातला की ती आरशासमोर गिरकी घ्यायची आणि विचारायची, "दिसतंय का बाबा?" मास्तर म्हणायचे, "काय दिसायचंय?" हे दोघांचं ठरलेलंच होतं.

मामाच्या गाडीतून परत येताना ती गेली. मामाही गेला. गाडी तोच चालवत होता. मास्तरांच्या बायकोचा एकुलता एक भाऊ. लेकीसाठी रडावं तर भावाचा राग येतो, भावासाठी रडावं तर लेक समोर उभी राहते, अशी तिची गत झाली. शेवटी तिने फोटो, कपडे, सगळं ट्रंकेत घातलं आणि सांगितलं, "या घरात आता तिचं नाव नको." मास्तरांनी ते पाळलं. वर्षं गेली. दोघं समोरासमोर बसून जेवत आणि काजं झाली का, बटणं आणायची का, एवढंच बोलत. बायको विसरली, असं मास्तरांनी मनाशी धरून टाकलं होतं. आठवायचं ते एकट्यानेच, तेही चोरून. अलीकडे तर पोरीचा चेहराही नीट डोळ्यांपुढे येईना, आणि विचारणार कुणाला? त्या एकटेपणाने ते आतून पार थकले होते.

"मावशी, खिसा!" भाची ओरडली. बाजूच्या शिवणीत तिचा हात मनगटापर्यंत गेला होता. "चोरखिसा आहे, बाहेरून कळतच नाही!"

"हा काही मी सांगितला नव्हता," बाई म्हणाल्या.

मास्तरांनीही तो लावला नव्हता. शिवून झाल्यावर फ्रॉक आत गेला होता तो काज-बटणं आणि इस्त्रीसाठी, बायकोकडे.

"राहू दे ना गं मावशी!"

"खिसा राहील," मास्तर म्हणाले. "खांदा संध्याकाळपर्यंत करून देतो. चूक माझीच."

फ्रॉक घेऊन ते आतल्या खोलीत गेले. बायको खिडकीशी काजं करत बसली होती. तिने फ्रॉककडे पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली.

"खिसा तू लावलास?"

"कापड उरलं होतं."

"कापड नेहमीच उरतं."

तिची सुई थांबली. "खडे भरून आणायची भिंगरी. फ्रॉक भिजवला की बादलीत टणटण वाजायचे. किती ओरडायचे मी तिला."

इतक्या वर्षांनी ते नाव घरात उमटलं, आणि तेही तिच्याच तोंडून. मास्तर स्टुलावर बसले.

"आणि खांदा उतरता कापलाय, ते नाही दिसलं तुला?"

"दिसलं की. हातात घेतल्याबरोबर दिसलं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही सरळ केला असता."

मास्तरांना रडू फुटलं. त्यांनी ते लपवलं नाही. "मला तिचा चेहरा आठवेनासा झालाय गं," ते म्हणाले.

बायकोने पदराने डोळे पुसले आणि छोटी कात्री पुढे केली. "आधी हे उसवून घ्या. लोकांचं काम आहे. मग ट्रंक काढू."

तिने खांदा ताणून धरला आणि मास्तरांनी एकेक टाका उसवला. आत दाबलेलं कापड सोडलं, खांदा वर घेतला. फ्रॉक दुसऱ्या कुणाच्या तरी मापाचा झाला.

संध्याकाळी भाची तो घालूनच निघाली, एक हात खिशात घालून. रस्त्यात मध्येच वाकून तिने काहीतरी उचललं. बायको एरवी दुकानात येत नसे. आज ती मास्तरांच्या शेजारी दारात उभी होती. पोर वळणाआड गेली तरी दोघं तिथेच होती.

"धुताना खिसा उलटा करायला सांगायचं राहिलं," ती म्हणाली.