चौथ्या कप्प्याचं तापमान

अळ्या मेल्या त्याच्या पाचव्या दिवशी मी झरीला गेले. माझ्या भावाचं, भागवतचं, तिथे रेशीम अळ्यांचं शेड आहे. दोन मांडण्यांच्या आठ कप्प्यांवर आठ सेन्सर मीच बसवले होते. एक छोटी चिप त्यांच्या वायरी आळीपाळीने एकाच पिनला जोडते आणि दारावरच्या डब्यात आठ तापमानं दिसतात.

"पाल्यानं गेल्या," भागवत म्हणाला. "बांधापल्याडच्या कापसावर फवारा मारलेला. तिला लाख वेळा सांगितलं, त्या बांधाकडची तुती तोडू नको. पण हिला लय घाई. जवळचं दिसलं की तोडलं."

शिवकन्या, माझी भावजय, बाहेर ट्रे घासत होती. पाच दिवसांपासून तिला शेडमध्ये येऊ दिलं नव्हतं. "मी त्या बांधाला गेलेच न्हाई," ती एकदा म्हणाली. पुन्हा म्हणाली नाही.

मी डबा उघडला. मागच्या महिन्यात भागवतचा फोन आला होता: चौथ्या कप्प्याचा आकडा सारखा हलायलाय. मी घरूनच दहा रीडिंगची सरासरी घेणारा प्रोग्राम पाठवला होता. आकडा स्थिर झाला आणि मी तो विषय सोडला.

आता मी सरासरी काढून टाकली. चौथा आकडा पुन्हा हलायला लागला. तिसरा सेन्सर मी मुठीत धरला. तिसरा आकडा चढला, आणि त्याच्या मागोमाग चौथाही. मग चौथा सेन्सर मुठीत धरला. काहीच झालं नाही.

वायर आतून तुटली होती. शेड धुताना कधीतरी ओढली गेली असेल. तुटलेल्या वायरीवर चिप पोचली की पिनवर आधीच्या कप्प्याचाच व्होल्टेज उरतो. डबा चौथ्याच्या नावाने तिसऱ्याचं तापमान दाखवत होता. आकड्याचं हलणं हीच एक खूण होती, आणि ती मी पुसली होती.

चौथा कप्पा उन्हाकडच्या मांडणीत सगळ्यात वर, पत्र्याखाली. मी साधा थर्मामीटर ठेवला. दुपारी तीन वाजता छत्तीस. डब्यावर सत्तावीस.

"वरचा कप्पा भाजत होता," मी भागवतला म्हणाले. "तिथल्या अळ्यांना रोग लागला आणि तो शेडभर पसरला. चूक माझी आहे. पाल्याचा काही संबंध नाही."

त्याने डब्यावरच्या चौथ्या आकड्यावर बोट टेकवलं. "म्हंजी ती बांधाला गेली नव्हती?"

"ती नाहीच म्हणत होती ना."

मी बाहेर जाऊन शिवकन्येलाही तेच सांगितलं. तिने घासणं थांबवलं नाही.

"मला म्हाईत होतं, आक्का. पाला टाकताना हाताला कळतंय की. ह्यांना म्हणले, वरलं लय तापायलाय. तर म्हणले, डबा सत्तावीस दाखवायलाय, तुला आक्कापेक्षा जास्त कळतंय का. मग मला वाटलं, आपलाच हात गरम असंल."



भागवत दारात आला. तिच्याकडे बघून काहीतरी बोलेल असं वाटलं.

"चहा ठेव आक्काला," तो म्हणाला.

ती हात पुसून उठली. शेडच्या दारासमोरून घर वीस पावलांवर होतं. ती पाच दिवस जात होती तशीच मागून, तुतीच्या कडेने वळसा घालून गेली.